नऊ दिवस

रागात लिहितेय. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

आज सकाळी कुत्र्यांच्या शेल्टरवर होते. एक गाडी आली. पुढे नवरा-बायको, मागच्या सीटवर कुत्रा. मी त्याला लगेच ओळखलं, कारण नऊ दिवसांपूर्वी यांनी त्याला दत्तक नेलं तेव्हा त्याच्या नव्या पट्ट्याचं बक्कल मीच लावून दिलं होतं. पाच वर्षांचा, तपकिरी, एक कान कायम पडलेला. बाईंनी पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आमच्याशी काही ॲटॅच झाला नाही हो. नुसता कोपऱ्यात बसून असतो."

नऊ दिवस! अहो, नवीन चप्पलसुद्धा नऊ दिवस चावते.

आमची टिकली तुम्हाला माहितीच आहे, तिच्या फोटोंनी तुम्हाला पुरतं पिडलंय मी. पण ती आली तेव्हाचे फोटो नाहीत माझ्याकडे, कारण ती दिसतच नव्हती. आठ वर्षांची काळी कुत्री, कपाळावर पांढरा ठिपका. घरात पाऊल टाकलं आणि थेट वॉशिंग मशीनच्या मागे. पाईप आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा, त्यात ती कशी मावली देव जाणे. तीन दिवस तिथेच. रात्री आम्ही दिवे मालवले की फरशीवर नखांची टकटक ऐकू यायची, मग पाणी पिण्याचा आवाज, परत टकटक, की गेली मशीनमागे. मी अंथरुणात श्वास रोखून ऐकत पडायचे.

शेल्टरमध्ये काम करणारे तीनचा हिशेब सांगतात. पहिले 3 दिवस भेदरलेले, 3 आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, 3 महिन्यांनी कुठे ते घर त्याचं होतं. तोही ढोबळच. टिकलीला शेपटी पायांतून बाहेर काढायलाच पाच आठवडे लागले.

आणि खरं कारण निघता निघता कळलं. "मुलांना पिल्लूच हवं होतं." मग आधी बोलायचं ना! पिल्लू म्हणजे काय ते तरी माहितीये का? 8 आठवड्यांचं होईपर्यंत त्याला आईपासून तोडायचंच नसतं. मग चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस, पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची धास्ती, सहा महिन्यांपर्यंत दात बदलत असतात म्हणून दिसेल ते कुरतडणार, आणि घरभर शू. मोठा कुत्रा घेतला की तो केवढा होणार, स्वभाव कसा, मुलांबरोबर कसा राहतो, यातलं बरंचसं आधीच कळलेलं असतं. लसीकरण, नसबंदी बहुतेक वेळा झालेली असते. तरी सगळे पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी उभे. टिकलीच्या पिंजऱ्यापुढून दोन वर्षं लोक सरळ चालत गेले.

विकत घेणाऱ्यांबद्दल आज बोलतच नाही. बोलतेच. चपट्या नाकाचा पग घोरतो ते "क्यूट" नाही, त्याला श्वास पुरत नाही. आणि त्या पिल्लाची आई कुठेतरी पिंजऱ्यात पुढच्या विणीची वाट बघत असते. कुत्री गाभण राहिली की जेमतेम 63 दिवस, की झाली परत नवी पिल्लं.

हो, शेल्टरवाल्यांचंही चुकतं. काही जण अशी उलटतपासणी घेतात की माणूस फॉर्म अर्धा टाकून पळेल, आणि काही जण जागा रिकामी व्हावी म्हणून "अगदी गुणी आहे हो" म्हणून गळ्यात मारतात. आणि कुणाला खरंच ॲलर्जी निघते, कुणाची नोकरी जाते. त्यांना मी काही म्हणत नाहीये.

पण तो कुत्रा. पट्टा माझ्या हातात आला तेव्हा त्याला वाटलं फिरायला निघालोय. शेपूट हलवत माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. मग गाडी वळली आणि तो खाली बसला. ओढलं नाही, भुंकला नाही. पडलेला कान तेवढा जरासा वर झाला. मी पंधरा मिनिटं तशीच त्याच्या शेजारी उभी.

आता थोडं डोकं शांत झालंय, म्हणून हेही लिहिते. गाडीत बसताना त्या बाई रडत होत्या. मघाशी मुद्दाम नाही लिहिलं. बक्कल लावता लावता मी त्यांना लसींचं कार्ड दाखवलं, व्हेटचा नंबर दिला, "फार गोड आहे" असंही म्हणाले. वॉशिंग मशीनचं नाही सांगितलं. तीन दिवस दिसला नाही तरी घाबरू नका, एवढं एक वाक्य. घाईत होते, पुढचे लोक थांबले होते.

त्यांना उद्या फोन करावा का, असं मनात येतंय. उचलतील की नाही कोण जाणे.

बादलीभर कपडे पडलेत, पण आज मशीन लावत नाही. बाहेर गडगडतंय आणि टिकली मागे जाऊन बसलीये. पाईपाशेजारून फक्त नाक दिसतंय.