सोरायसिसमध्ये ‘रक्तातली घाण’ शोधणाऱ्यांना

थंडी पडली, चट्टे वाढले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. सोरायसिस हा त्वचेचा आजार नाहीच, रक्तात साठलेली घाण शरीर त्वचेवाटे बाहेर टाकतं. खपली काढा, दूषित रक्ताचे थेंब दिसतील. मलम लावाल तर रोग आत दबून सांध्यांत उतरेल. कारण काय, तर दूध आणि मासे एकत्र खाणं. उपाय म्हणजे रक्तशुद्धीचा काढा, एकवीस दिवसांत मुळासकट बरं. शेवटी ‘जनहितार्थ पुढे पाठवा’ असतंच.

थेंबांपासून सुरुवात करू, कारण ते डोळ्यांना दिसतात आणि म्हणून पटतात. चट्टा हलकेच खरवडला की मेणासारखे पांढरे पापुद्रे निघतात, त्यांच्याखाली एक पातळ ओलसर पडदा असतो. तोही सुटला की टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. निरोगी त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळायला साधारण चार आठवडे घेते आणि वाटेत पक्व होऊन आपलं केंद्रक टाकते. सोरायसिसमध्ये हा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. अर्धकच्च्या पेशींचे थर साचतात आणि त्यांच्यात हवा अडकते, म्हणून ते चंदेरी दिसतात. खालच्या केशवाहिन्या फुगून वर सरकलेल्या असतात, त्यांच्यावरचं आवरण झिरझिरीत झालेलं असतं. पापुद्रा ओढला की वाहिनीचं टोकच उघडं पडतं. बोट कापल्यावर येतं तेच हे रक्त.

बरं, खरवडणं अंगाशीही येतं. १८७० च्या दशकात हाइनरिक कोबनर या त्वचारोगतज्ज्ञाने नोंदवलं होतं की सोरायसिसच्या रुग्णाच्या चांगल्या त्वचेवर ओरखडा उठला किंवा गोंदवलं, तर तिथेच नवा चट्टा येऊ शकतो. बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत, आणि नेमका ओरखड्याच्या रेषेत. घाण रक्तात असती तर तिला ही रेष कुणी दाखवली?

उत्तर त्वचेच्या पेशींपाशी आहे. बाह्यत्वचेतल्या सुमारे ९० टक्के पेशी केराटिनोसाइट असतात. दुखावल्या की त्या एलएल-३७ नावाचं जंतुनाशक प्रथिन सोडतात. फुटलेल्या पेशींच्या डीएनएला ते चिकटलं की प्रतिकारशक्तीच्या पेशी फसतात आणि जंतू आल्यासारख्या पेटून उठतात. पुढे टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, इंटरल्यूकिन-१७ हा रसायनरूपी निरोप धाडतात, तो घेतात पुन्हा केराटिनोसाइटच. मग त्या भराभर वाढतात आणि स्वतः आणखी निरोप पाठवून नव्या टी-पेशींना आणि न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. टाळी एका हाताने वाजत नाही, ती अशी.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी: प्रतिकारपेशी रक्तातूनच येतात. १९७९ मध्ये संधिवाताच्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे टी-पेशींना आवरणारं औषध देताना त्यांचे चट्टेही गेले, तेव्हापासून बरीच वर्षं तज्ज्ञही सगळा दोष टी-पेशींवर टाकत आणि त्वचेला निव्वळ बळी मानत. पण २०१२ मध्ये काही कुटुंबांत कार्ड-१४ या एकाच जनुकातल्या बिघाडाने सोरायसिस होतो हे दिसलं, आणि त्वचेत हा जनुक मुख्यतः केराटिनोसाइटमध्ये काम करतो. म्हणजे ठिणगी त्वचेतूनही पडते. शिवाय एक्झिमाच्या मानाने सोरायसिसच्या चट्ट्यांत जंतुसंसर्ग फार कमी होतो, कारण तिथे जंतुनाशक प्रथिनांची रेलचेल असते. घाण टाकायची जागा इतकी जंतुविरोधी असते होय?

मलमाने रोग आत जातो, हेही त्यातलंच. कॅल्सिपोट्रिऑलसारखं मलम याच पेशींची बेसुमार वाढ आवरतं. सांधे बऱ्याच रुग्णांचे धरतात हे खरं, पण बहुधा त्वचेनंतर काही वर्षांनी, म्हणून आळ मलमावर येतो. काहींचे सांधे तर चट्ट्यांआधीच दुखू लागतात. तक्रार करायचीच तर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने चोपडलेल्या कडक स्टिरॉइड मलमाची करा, त्याने कातडी खरंच पातळ होते.

दूध-मासे हे कारण असल्याचा पुरावा नाही. दारू, धूम्रपान, वाढलेलं वजन, घशातला स्ट्रेप्टोकोकस जंतू, लिथियमसारखी काही औषधं यांनी मात्र आजार भडकतो. बिडी-दारूबद्दल संदेशात चकार शब्द नसतो!

राहिला काढा. सोरायसिस आपणहूनही कमी-जास्त होतो, त्या उतारात जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. ‘मुळासकट’चं म्हणाल तर चट्टा गेल्यावरही काही टी-पेशी त्वचेतच मुक्काम ठोकून राहतात, म्हणून तो पुष्कळदा त्याच कोपरावर परततो. म्हणूनच चट्टे गेले तरी औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि काढा घेतच असाल तर बाटली डॉक्टरांना दाखवा, कारण ‘वनौषधी’ म्हणून विकलेल्या मालात तपासणीअंती स्टिरॉइड निघाल्याची उदाहरणं आहेत. पोटात गेलेलं स्टिरॉइड अचानक थांबलं की सोरायसिस कधीकधी अंगभर पूभरल्या फोडांनी उसळतो.