मैफलीने निधी जमतो, मत बदलतं का?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, मोठ्या कलाकारांनी मैफलींतून हवामानबदल निदान कोट्यवधी लोकांच्या कानावर तरी घातला. कोकणातल्या बागायतदाराला तो एरवी कोण सांगणार होतं? मला हे पटत नाही. का, ते सांगते.

मैफलीत ताकद असते, यात वादच नाही. 1971 मध्ये पंडित रविशंकर आणि 'बीटल्स'मधले गायक जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. मागणं एकच होतं: या माणसांसाठी पैसे द्या. तिकीट काढलं की ऐकणाऱ्याचं काम झालं. 7 जुलै 2007 ला अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या पुढाकाराने झालेल्या, हवामानबदलावरच्या 'लाइव्ह अर्थ' मैफलींचं मागणं तसं नव्हतं. सिडनी, लंडन, रिओ अशा अनेक शहरांत गाणी झाली, लोकांना सात कलमी प्रतिज्ञा घ्यायला सांगितलं गेलं. पण रोजच्या सवयी आणि सरकारकडून काय मागायचं हे एका दिवसाच्या गाण्यांनी ठरत नाही.

आता आपला बागायतदार. 3 जून 2020 च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' आलं. अवेळी पावसाने मोहर काळा पडतो, तुडतुडे वाढतात, फवारणीचा खर्च अंगावर येतो. हवामान बिघडलंय हे त्याला कुणी स्टेडियममधून सांगायला नको. अरबी समुद्र तापतोय, त्यातून वादळांना बळ मिळतं, हा धागा त्याला ओळखीच्या माणसाकडून कळायला हवा. शिवाय मागायचं काय, हेही. गुंठ्यांत वाडी असलेल्याला भरपाई हेक्टरवर मोजून काय हाती येणार? ती झाडांवर मोजली पाहिजे, ही मागणी वाडीवाल्यांनी स्वतःच लावून धरली होती.

मन बदललेलं पाहायचं असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. पूर्वी तिथे कासवांची अंडी उकरून नेली जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेतलं, आणि आज गावकरीच घरटी राखतात, कासव महोत्सवाच्या पाहुण्यांना घरी जेवू घालतात. वाळू तापली की पिल्लांत माद्या जास्त निपजतात, हे तिथल्या किनाऱ्यावर उभं राहून ऐकताना हवामानबदल हातभर अंतरावर येतो.

तुम्ही कुडाळचे, असं लिहिलंय. तुमच्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा चालू विषयावर गजर बांधतात, समोरचे बुवा उत्तर देतात, आणि ऐकणारे दोघांनाही ओळखत असतात. कलाकारांकडूनच सुरुवात व्हावी असं तुम्हाला वाटत असेल, तर हा विषय आधी त्या बुवांकडे न्या. गजर झाला की मला जरूर कळवा, मी ऐकायला येईन.