डाळिंब, बीट आणि जंताची गोळी

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं की तिला पहिला प्रश्न ठरलेला: "जेवत नाहीस का नीट?" नवरा विचारतो, सासू विचारते, शेजारीणही विचारून घेते. मग डाळिंब, बीट, खजूर सुरू. बीट लाल म्हणून रक्त वाढतं, हा आपला लाडका समज. शेवग्याचा पाला फुकट मिळतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. असो.

मी नवी मुंबईत, घणसोलीला, एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. दिघा, इलठणपाडा, रबाळे, तुर्भे स्टोअर इथल्या बायका आमच्याकडे रक्त तपासायला येतात. त्यांचे रिपोर्ट छापताना सारखं वाटतं की पोटात काय जातं एवढंच आपण विचारतो, तिथून काय गळतंय ते कोणीच विचारत नाही. गळक्या माठात पाणी ओतत बसायचं आणि वर माठालाच बोल लावायचे.

गळती म्हणजे जंत. त्यातही अंकुशकृमी. उघड्यावरच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात, ओलसर सावलीत अळ्या होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरतात. तिथून रक्तावाटे फुप्फुसात, मग वर घशाशी, गिळल्या गेल्या की आतड्यात. आतड्याला चिकटून त्या रक्त पीत राहतात. माणसात मुख्यतः यांच्या दोन जाती सापडतात. त्यातल्या कमी पिणाऱ्या जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, दुसरीचा त्याच्या कितीतरी पट. किरकोळ वाटतं ना? कमी पिणाऱ्या जातीचे शंभर जंत धरा: महिन्याला ९० मिलिलिटर. आणि हे अशा दिवसांत, जेव्हा बाईला संपूर्ण गरोदरपणात साधारण १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं, बाळासाठी, वारेसाठी, तिच्या स्वतःच्या वाढत्या रक्तासाठी. तेवढं नुसत्या भाजी-भाकरीतून सुखवस्तू घरातही निघत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत आकडा ५०.४ होता. म्हणजे योजना वाढल्या, गोळ्या वाढल्या आणि आकडाही वाढला. सगळा दोष जंतांचा नाही, हे कबूल. लागोपाठची बाळंतपणं आहेत, जेवणावरचा चहा आहे, थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणं तर आहेच.

कागदावर आपलं सरकार बरोबर आहे. २०१८ च्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत'मध्ये गरोदर बाईला १८० दिवस लोहाची गोळी आणि दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल या जंतांवरच्या औषधाची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनाही, जिथे जंतांचा प्रादुर्भाव आहे तिथे, पहिले तीन महिने गेल्यावर ही गोळी द्या असंच म्हणते. आमच्या काउंटरवर लोहाची लाल गोळी सगळ्यांना ठाऊक असते. जंताच्या गोळीचं विचारलं की चेहरे बघण्यासारखे होतात. "पोटात बाळ असताना जंताची गोळी? अगं बाई!" पहिल्या तीन महिन्यांपुरती ही भीती रास्त आहे. पण ती नवव्या महिन्यापर्यंत चालू राहते.

शौचाची तपासणी लिहून दिली तरी डबी बहुतेक वेळा परत येतच नाही. जिथे सकाळी सार्वजनिक शौचालयाबाहेर रांग लागते आणि मागची बाई कडी वाजवते, तिथे नमुना धरणार कसा? म्हणूनच तपासणीची वाट न बघता गोळी देण्याचं धोरण मला शहाणपणाचं वाटतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नेपाळच्या तराईत गरोदरपणी अल्बेंडाझोलचे दोन डोस घेतलेल्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी ५९ ग्रॅमनी जास्त भरलं आणि सहा महिन्यांच्या आतले बालमृत्यूही कमी दिसले. २००४ साली हे छापून आलं. पण युगांडातल्या एंटेबे इथल्या मोठ्या चाचणीत गोळीने बाळाच्या वजनात फरक पडला नाही. तिथे बहुतेकींच्या पोटात जंत कमीच होते. मला यात विरोध दिसत नाही. जिथे जंतांचा भार जास्त, तिथे गोळीचा उपयोग जास्त. शिवाय गोळी आजचे जंत काढते. पाय पुन्हा त्याच मातीत पडले की पुन्हा तेच.

आणि माती आपल्याकडे आहे. स्वच्छ सर्वेक्षणात आपल्या नवी मुंबईचा देशात तिसरा नंबर आला, मलाही अभिमान वाटला. पण जिथे टॉवर उठतात तिथे मजूर बायका पत्र्याच्या खोलीत राहतात आणि आडोशाला मागच्या झाडीत जातात. आमच्याकडे येणाऱ्या काहीजणी मुरबाड-शहापूरकडच्या. लावणीला गावी, चिखलात अनवाणी, मग परत साइटवर. बाळंतपणाला माहेरी गेल्या की इथलं तपासणीचं कार्ड इथेच राहतं.

एकीने मला सरळ सांगितलं, "ताई, रात्री मी जेवतच नाही, जायला लागलं तर जाऊ कुठे?" सातवा महिना होता तिचा. तिला मी डाळिंब सांगू?

मलेरियाचंही तेच. बांधकामावरच्या उघड्या टाक्यांत डास होतात, आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकाराचे परजीवी वारेत साठून बाळाचं पोषण अडवतात, पहिलटकरणीत जास्त. ती टाकी झाकणं हे ठेकेदाराचं काम, गरोदर बाईचं नव्हे.

खाजगी दवाखान्यात नाव घातलेल्या मैत्रिणींनो, चौथा महिना लागला की डॉक्टरांना जंताच्या गोळीचं स्वतःहून विचारा. दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नका. आणि सोसायटीच्या शेजारी साइट असणाऱ्यांनो, तिथल्या बायकांसाठी शौचालय आहे का, ते बिल्डरला विचारा. मेहरबानी मागत नाही आपण. साइटवर पिण्याचं पाणी आणि शौचालय दोन्ही कायद्यानेच सक्तीचं आहे.