स्क्रीनवर बंद आहे

परवा मी चार पाहुण्यांना माझ्याच घरात काळोखात बसवलं. घरातली यंत्रं चालवणारं एक टचस्क्रीन पॅनेल भिंतीवर नवं बसवलंय, त्यावर ‘सिनेमा’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की दिवे मंद होतात, पडदे सरकतात, टीव्ही लागतो. मी जादूगाराच्या थाटात, एका बोटाने ते दाबलं. दिवे गेले, पडदे मिटले आणि चालू असलेला टीव्ही बंद झाला. तो पाच मिनिटं आधी आईने हातातल्या रिमोटने लावून ठेवला होता. घाबरून मी बटण आणखी दोनदा दाबलं, तेव्हा टीव्ही लागला आणि पुन्हा गेला. अंधारातून एक पाहुणी म्हणाल्या, “आमच्याकडे आपला साधाच रिमोट आहे.” त्यातलं ‘साधाच’ मला अजून टोचतंय.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनला बोलावलं. तो येईपर्यंत एसीचंही डोकं फिरलं होतं. चिरंजीवांनी रिमोटने तो अठरावर लावला होता, आणि पॅनेलवरून काही केल्या बंद होत नव्हता. म्हणजे पॅनेलच्या मते तो केव्हाच बंद झालेला होता.

टेक्निशियन आला, नम्रपणे पॅनेलसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “सर, एसी तर बंद आहे.”

“अरे, चालू आहे.”

“नाही सर, हे बघा ना. ऑफ.”

“तू वर बघ.”

त्याने वर पाहिलं. एसीची झडप संथपणे वरखाली होत होती, त्याच्या कपाळावरचे केस उडत होते. त्याने पुन्हा पॅनेलकडे पाहिलं.

“सिस्टिममध्ये ऑफच दिसतोय.”

“तुला थंडी वाजतेय की नाही?”

“वाजतेय सर.” बॅगेतून जर्किन काढून त्याने अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाला, “पण स्टेटस ऑफ आहे.”

मी जन्मात इतका निष्ठावंत माणूस पाहिलेला नाही. आई शाल गुंडाळून हे सगळं ऐकत होती. तिने त्याला विचारलं, “मग बाळा, हे वारं कुठून येतंय?” त्याने खरोखर विचार केला. मग खिडकी बंद आहे का ते जाऊन पाहिलं!

अखेर स्टूल आणून मीच वर चढलो. एसीच्या ‘डोळ्या’वर, म्हणजे रिमोटचा इशारा टिपणाऱ्या जागेवर, चिकटवलेला पॅनेलचा बारकासा एलईडी गोंद सुटून वायरीला लोंबकळत होता आणि पॅनेलचे सगळे हुकूम इमानेइतबारे समोरच्या भिंतीला देत होता.

यात पॅनेलचा दोष नाही, हे आता मला (थोडं फार वाचून) कळलंय, आणि म्हणूनच जास्त राग येतोय. रिमोटमधला (आणि पॅनेलचाही) एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सेकंदाला अडतीसेक हजार वेळा लुकलुकवत संदेश धाडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलंत तर बऱ्याचदा जांभळट ठिपका दिसेलही. पण तो संदेश पोचला की नाही, हे उलट कळवायची सोय त्यात मुळातच नाही. पोचपावती नसलेलं पत्र. पॅनेल ते पेटीत टाकतं आणि स्वतःच्याच तोंडावर ‘झालं’ असं लिहून मोकळं होतं. “मी मेल टाकलाय” म्हणून हात झटकणारे सहकारी आठवतात ना? तसं.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली सूर्यप्रकाशाचे रंग सुटे केले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला, इन्फ्रारेड सापडलं. न दिसणाऱ्या गोष्टीची खात्री करायला त्या गृहस्थाने निदान थर्मामीटर वापरला. आमचं पॅनेल सव्वादोनशे वर्षांनी खोलीत हुडहुडी भरलेली असताना ‘ऑफ’ म्हणतं. १९५५ साली झेनिथ या अमेरिकन टीव्ही कंपनीने फ्लॅशमॅटिक नावाचा बिनवायरीचा रिमोट काढला होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल, त्यांवर बॅटरीचा झोत मारायचा. ऊन पडलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा म्हणे. पण तिथे बोट दाखवायला साक्षात सूर्य होता. माझ्याकडे आई आहे, तिच्याकडे बोट कसं दाखवू?

आणि हे टाळता येत नाही असंही नाही. कित्येक टीव्हींना ‘लाग’ आणि ‘बंद हो’ असे दोन वेगळे कोड कळतात, फक्त रिमोटवर त्यांची बटणं नसतात. रिमोटवर असतं ते एकच बटण, बंद असेल तर चालू आणि चालू असेल तर बंद करणारं. पॅनेल बसवणाऱ्याने माझाच रिमोट पॅनेलसमोर धरला, तेच एक बटण शिकवलं आणि चहूकडून फोटो काढून निघून गेला. वेगळे कोड शोधणं, किंवा टीव्ही किती वीज ओढतोय ते पाहून तो चालू आहे की नाही हे ठरवणारा प्लग लावणं, यातलं काहीही कुणी सुचवलं नाही. फोटो मात्र फार छान आले होते.

टेक्निशियनने एलईडी पुन्हा चिकटवला. टीव्हीचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, “सर, घरात कुणी रिमोट वापरायचाच नाही. मग सिस्टिम कन्फ्यूज होत नाही.” म्हणजे यंत्र गोंधळू नये म्हणून चार माणसांनी शिस्त पाळायची. मी लगेच कबूल झालो, याची मला आता लाज वाटते. सगळे रिमोट गोळा करून कपाटात ठेवले, किल्ली खिशात टाकली.

रात्री साडेअकराला दिवाणखान्यातून आवाज आला. जाऊन पाहिलं तर टीव्हीवर मालिका जोरात चालू, आणि आईच्या उशीखालून जुन्या रिमोटचं टोक डोकावत होतं.

“आई, टीव्ही कुणी लावला?”

तिने पडद्यावरची नजर न हलवता भिंतीकडे हात केला.

“बंद आहे. तिथे बघ. झोप तू.”