सायकोपीजी२ सापडत नाही : ‘एका ओळीचं काम’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सायकोपीजी२ ही पायथनला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी. ‘मॉड्यूल सायकोपीजी२ सापडत नाही’ या एररवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. एक, पिपच्या (पायथनची पॅकेजं आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एका ओळीत होणाऱ्या कामासाठी मी पुराण लावलं. दोन, लेखाप्रमाणे ॲप्टने (उबंटू या लिनक्स सिस्टीमच्या स्वतःच्या पॅकेज-प्रोग्रॅमने) पॅकेज टाकूनही इंदूरमधल्या भंवरकुआंच्या तुमच्या क्लासमधल्या वीस मशीनपैकी एकाच मशीनवर ते चाललं. तिथला सायकोपीजी२चा फोल्डर पेनड्राइव्हने बाकीच्या मशीनवर नेला, तर एरर बदलला पण गेला नाही. आणि तीन, ‘सुडो पिप (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने पिप) वापरू नका’ हा निव्वळ सोवळेपणा आहे.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे.

लेखात मी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-सायकोपीजी२’ असं लिहिलं आणि खालच्याच परिच्छेदात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे वेनव (एका प्रकल्पापुरता वेगळा पायथन), बनवायला सांगितलं. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, टर्मिनलवर रोमन अक्षरंच टाइप करायची.) या दोन पायऱ्या एकमेकींना ओळखतच नाहीत. ॲप्ट आपली पायथन पॅकेजं यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस या फोल्डरात ठेवतो. वेनवमधला पायथन तिकडे ढुंकून बघत नाही, तो स्वतःच्या साइट-पॅकेजेसमध्ये शोधतो. वेनव बनवताना ‘--सिस्टीम-साइट-पॅकेजेस’ हा पर्याय दिला तरच ते दार उघडतं. हे वाक्य लेखात हवं होतं, नव्हतं. आज घातलंय.

तुमच्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. उबंटू २२.०४ आणि शेजारी वेगळा टाकलेला पायथन ३.१२, असं तुम्ही लिहिलंय. २२.०४ चा स्वतःचा पायथन ३.१० आहे आणि ॲप्टने दिलेलं सायकोपीजी२ त्या ३.१० साठीच बांधलेलं आहे. जे एक मशीन चाललं, तिथे प्रोग्रॅम ३.१० ने चालवला गेला असणार.

आता पेनड्राइव्हची गोष्ट. सायकोपीजी२ हे नुसत्या पायथन फाइलींचं पॅकेज नाही. त्याचा गाभा सी भाषेत लिहून कंपाइल केलेली एक फाइल आहे आणि तिच्या नावातच आवृत्ती कोरलेली असते : _सायकोपीजी.सीपायथन-३१०-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ. पायथन ३.१२ शोधतो ३१२ वाली. ३१० वाली समोर पडलेली असली तरी तो तिला हात लावत नाही आणि तक्रारही करत नाही. म्हणून फोल्डर नेल्यावर तुमचा एरर ‘सायकोपीजी२ नाही’ वरून ‘सायकोपीजी२._सायकोपीजी नाही’ असा झाला. टिंबानंतरची ती अंडरस्कोर दिसली की समजायचं : फोल्डर मिळाला, आतला गाभा मिळाला नाही, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या आवृत्तीचा किंवा दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा माल उचलून आणलेला आहे. फाइलच्या नावातला ३१० चा तुकडा काढून नुसतं .एसओ ठेवायचा मोह काहींना होतो. तशी ती लोड होईलही, पण बांधणी ३.१० चीच राहते. मग प्रोग्रॅम कुठे कोसळेल याचा नेम नाही.

इंदूरकरांना हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात दुपारी जाऊन भुट्ट्याचा कीस मागितला तर समोरचा सोनार तुमच्याकडे बघत राहील. कीस शहरातून गायब झालेला नसतो. पत्ताही बरोबर असतो. फक्त त्या वेळी त्या ओट्यावर दुकान दुसऱ्याचं असतं. ‘पायथन३’ या एका शब्दामागेही असंच असतं : वेनव चालू असताना एक पायथन, बंद केल्यावर दुसरा, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालवलं तर तिसरा. इन्स्टॉल एकाकडे करायचं आणि इम्पोर्ट दुसऱ्याकडे मागायचं, या एररचं अर्ध्याहून जास्त रडगाणं एवढंच आहे.

म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी दोन आज्ञा. पहिली : ‘पायथन३ -सी’ आणि अवतरणात ‘इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)’. कोणता पायथन बोलतोय त्याचा पूर्ण मार्ग छापून येतो. दुसरी : ‘पिप --व्हर्जन’. तिच्या ओळीत पिप कुठल्या फोल्डरात आहे आणि शेवटी कंसात तो कुठल्या पायथनचा आहे, ते येतं. दोन्ही जुळले नाहीत तर तिथेच थांबा. जुळवायचा सोपा मार्ग म्हणजे नुसतं ‘पिप’ कधीच न लिहिणं, ‘पायथन३.१२ -एम पिप इन्स्टॉल’ असं लिहिलं की ज्याच्यासाठी हवं त्याच्याकडेच जातं. एररही त्याच जागेतून तपासा. मुलं व्हीएस कोड या एडिटरमध्ये रन दाबत असतील तर टर्मिनलमधली तपासणी व्यर्थ, कारण खाली उजवीकडे निवडलेला इंटरप्रिटर (म्हणजे पायथन) वेगळा असू शकतो. ज्युपिटर नोटबुकच्या सेलमध्ये उद्गारचिन्ह लावून पिप चालवू नका, टक्क्याचं चिन्ह लावून चालवा. तेव्हाच ते चालू कर्नलच्या पायथनमध्ये बसतं.

आता तुमच्या एका ओळीबद्दल. ‘पिप इन्स्टॉल सायकोपीजी२-बायनरी’ ही ओळ क्लाससाठी उत्तम आहे, याबद्दल वाद नाहीच. पण ती चालते तेव्हा का चालते हे ठाऊक नसेल, तर बिघडेल त्या दिवशी हातात काही उरत नाही. बायनरी पॅकेजमध्ये कंपाइल केलेला गाभा आणि पोस्टग्रेसची लिबपीक्यू लायब्ररी दोन्ही आयती भरलेली असतात, व्हील नावाच्या फाइलीत. तुमच्या पायथनसाठी तसं व्हील नसेल तर पिप गुपचूप सोर्स कोड उतरवतो आणि तुमच्याच मशीनवर बांधायला घेतो. डाउनलोडच्या ओळीकडे नीट बघा : फाइलचं नाव .डब्ल्यूएचएल ने संपलं तर आयतं, .टार.जीझेड ने संपलं तर पुढे कंपायलर येणार. पायथन ३.१२ ला आवृत्ती २.९.९ पासून आधार आहे, ३.१३ ला २.९.१० पासून. कुणाच्या जुन्या रिक्वायरमेंट्स फाइलीत (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) २.९.९ पक्कं बांधलेलं असेल आणि मशीनवर ३.१३ असेल, तर तीच ‘एक ओळ’ शंभर ओळींचा लाल मजकूर ओकते.

तो मजकूर वरून वाचू नका, त्यात खरं कारण सांगणारी ओळ एकच असते. ‘पीजी_कॉन्फिग एक्झिक्युटेबल नॉट फाउंड’ किंवा ‘लिबपीक्यू-एफई.एच’ सापडत नाही असं असेल तर ‘लिबपीक्यू-डेव्ह’ हवं. ‘पायथन.एच’ नाही म्हटलं तर ‘पायथन३.१२-डेव्ह’ हवं, नुसतं ‘पायथन३-डेव्ह’ नाही, कारण ते २२.०४ वर ३.१० ची हेडर फाइल आणतं. जीसीसी हा कंपायलरच नसेल तर ‘बिल्ड-इसेन्शियल’. मॅकवर होमब्रू या पॅकेज-प्रोग्रॅमने लिबपीक्यू टाकूनही पीजी_कॉन्फिग सापडत नाही, कारण होमब्रू तिला मुद्दाम पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जोडत नाही. तिचं बिन फोल्डर पाथमध्ये आपण घालायचं.

सोर्सवरून बांधलेलं दुसऱ्या मशीनवर नेलं की आणखी एक संदेश भेटतो : ‘लिबपीक्यू.एसओ.५ : कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. इथे पायथनचं पॅकेज, गाभा, सगळं सापडलेलं आहे. ऑपरेटिंग सिस्टीमची लायब्ररी नाही. औषध पिपकडे नाही, ॲप्टकडे आहे : ‘लिबपीक्यू५’. शंका वाटली तर त्या .एसओ फाइलीवर ‘एलडीडी’ (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा, ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ तो गुन्हेगार.

आणि एक वेगळाच प्रकार. विद्यार्थ्याने आपल्या सरावाच्या फाइलीलाच सायकोपीजी२.पीवाय नाव दिलेलं असतं. पायथन आधी प्रोग्रॅमच्याच फोल्डरात बघतो, म्हणून तो स्वतःलाच इम्पोर्ट करतो आणि ‘कनेक्ट नावाचं काही नाही, बहुधा सर्क्युलर इम्पोर्ट’ असं कुरकुरतो. नाव बदललं की झालं. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या बाबतीतही हे होतं. तिथे पिपने काहीच आणायचं नसतं, ते मॉड्यूल पायथनबरोबरच येतं. ‘_एसक्यूलाइट३ नाही’ असं आलं तर सोर्सवरून पायथन बांधताना ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’ नव्हतं. ते टाकून पायथन पुन्हा बांधायचा.

सोवळेपणाबद्दल. भिया, एकटं सायकोपीजी२ सुडोने टाकलं म्हणून काही जळून खाक होणार नाही, हे कबूल. पण त्यात दोन गोम आहेत. वेनव चालू असताना ‘सुडो पिप’ लिहिलं की सुडो आपला स्वतःचा पाथ वापरतो, वेनवचा नाही. पिप ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हणतो, पॅकेज सिस्टीमच्या ३.१० मध्ये जातं आणि वेनवमध्ये एरर तसाच. दुसरी गोम म्हणजे आज एक पॅकेज, उद्या अख्खी रिक्वायरमेंट्स फाइल. उबंटूची स्वतःची कितीतरी अवजारं त्याच पायथनवर चालतात, आणि सुडो पिपने टाकलेली नवी आवृत्ती ॲप्टच्या आवृत्तीच्या आधी सापडते. २२.०४ वर हे बिनबोभाट घडतं. २४.०४ वर पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून आधीच अडवतो, तेव्हा मशीन अपग्रेड केल्यावर ही सवय तशीही सुटणार आहे.

खऱ्या सर्व्हरवर बायनरी टाळा असं मी लिहिलं होतं, ते सायकोपीजीच्या कर्त्यांचंच म्हणणं आहे. त्यात ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीची प्रतही आत भरलेली असते, म्हणून ॲप्टने सुरक्षेचे अपडेट घेतले तरी ती जुनीच राहते. २.७ च्या काळात ही आतली प्रत पायथनच्या एसएसएलशी भांडून प्रोग्रॅम कोसळत असत, म्हणून २०१८ च्या २.७.४ पासून ‘बायनरी’ हे वेगळं नाव ठेवलं. तुमच्या क्लासला याची फिकीर नको.

वीस मशीनसाठी आता हे करा. नेट असलेल्या एका मशीनवर : ‘पायथन३.१२ -एम पिप डाउनलोड --ओन्ली-बायनरी=:ऑल: -डी व्हील्स सायकोपीजी२-बायनरी’. काही एमबीची एक फाइल मिळेल. नावात सीपी३१२ आहे ना, बघून घ्या. पेनड्राइव्हवर तीच न्यायची. तयार वेनव उचलून नेऊ नका, त्यातल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण मार्ग लिहिलेले असतात, जागा बदलली की तुटतात. प्रत्येक मशीनवर ‘पायथन३.१२ -एम वेनव सराव’. इथे ‘एन्शुअरपिप’ची तक्रार आली तर ‘पायथन३.१२-वेनव’ पॅकेज राहिलंय. मग ‘सराव/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=व्हील्स सायकोपीजी२-बायनरी’. ॲक्टिव्हेट करायचीही गरज नाही, पूर्ण मार्ग दिला की पुरे. व्हीएस कोडमध्ये हाच सराव/बिन/पायथन निवडा. आधी कॉपी केलेले फोल्डर मात्र पुसा, विशेषतः प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवलेले, नाहीतर पायथन तेच आधी उचलेल.

शेवटी त्याच पायथनने ‘सायकोपीजी२.__फाइल__’ छापून बघा, मार्ग सराव फोल्डरातला हवा. त्यानंतर पोर्ट ५४३२ वर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर घाबरू नका. लायब्ररी सापडली आहे, पोस्टग्रेस चालू करायचं राहिलंय.