केळीनं कोणाचं घोडं मारलं?

परवा टीव्हीवर एक पाहुणे तावातावानं म्हणाले, "देशाचं बनाना रिपब्लिक करून टाकलंय!" वडील शेजारीच बसले होते. रावेरकडे केळी लावण्यात उभी हयात गेलेली. म्हणाले, "यात केळीनं कोणाचं घोडं मारलं?"

भ्रष्ट, पोकळ, कोणीही खिशात घालावा असा देश, हा अर्थ सांगितला. पण त्यांचा प्रश्न केळीचा होता.

शब्द ओ. हेन्री या अमेरिकी कथाकाराचा. बँकेतल्या अफरातफरीचा आरोप डोक्यावर असताना १८९६ मध्ये हा गडी होंडुरासला पळाला. तिथं पाहिलेल्या गोष्टींवरून १९०४ च्या 'कॅबेजेस अँड किंग्ज' या पुस्तकात त्यानं अँचुरिया नावाचा काल्पनिक देश रचला आणि त्याला बनाना रिपब्लिक म्हटलं. थोडक्यात, भ्रष्ट देशांचं हे बारसं एका फरारी आरोपीनं केलंय! (बायको आजारी पडली तेव्हा परत आला आणि पुढे तुरुंगातही गेला, हेही सांगायला हवं.)

खरी मेख पुढे आहे, आणि ती वडिलांना माझ्याआधी कळली. घड कापला की तास मोजायचे. ट्रक आला नाही तर सोन्यासारखा माल बांधावर काळा पडतो. म्हणजे ज्याची गाडी, त्याचा भाव. मध्य अमेरिकेत आगगाडी, बंदर आणि बोटी सगळंच युनायटेड फ्रूटसारख्या अमेरिकी कंपन्यांच्या हातात होतं. होंडुरासमध्ये रूळ बागांपासून बंदरापर्यंत पोचले, राजधानी तेगुसिगाल्पापर्यंत कधीच नाही.

१९१०-११ मध्ये सॅम झेमरे या केळी व्यापाऱ्याला करसवलती हव्या होत्या. त्यानं पदच्युत अध्यक्ष बोनिया आणि भाडोत्री बंदूकवाले न्यू ऑर्लिन्सहून बोटीनं होंडुरासला धाडले. सरकार बदललं, सवलती मिळाल्या.

ग्वाटेमालाचं प्रकरण तर आपल्याकडच्या माणसाला लगेच समजेल. अध्यक्ष आर्बेन्झ यांनी १९५२ च्या कायद्यानं युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांसाठी घेतली. भरपाई किती? कंपनीनं करासाठी स्वतःच दाखवलेल्या किमतीइतकी, सुमारे सव्वासहा लाख डॉलर. अमेरिकी सरकारनं कंपनीच्या वतीनं मागितले दीड कोटीहून जास्त. कर भरताना मातीमोल, भरपाई घेताना सोन्याची! १९५४ मध्ये सीआयएनं आर्बेन्झ यांना घालवलं. अमेरिकेचे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री डलेस पूर्वी ज्या वकिली फर्ममध्ये होते, तिनं या कंपनीचं काम केलेलं. त्यांचे सख्खे भाऊ सीआयएचे प्रमुख.

१९७५ मध्ये उघड झालं की केळीवरचा निर्यातकर कमी व्हावा म्हणून याच कंपनीनं होंडुरासमध्ये साडेबारा लाख डॉलरची लाच चारली होती. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत आला तो १९७७ साली.

तिथले राज्यकर्ते धुतल्या तांदळासारखे नव्हतेच, घेणारे हात त्यांचेच होते. पण बदनामी पूर्ण देशाच्या गळ्यात, आणि देणारा नामानिराळा, हे मला पटत नाही. म्हणून हा शब्द मी तरी वापरत नाही.

"मग त्या कंपनीचं काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"आहे अजून. चिकिटा नावानं केळी विकते. निळं स्टिकर असतं."

"म्हणजे व्यापारी नाव बदलून परत बाजारात," म्हणाले, आणि रिमोट उचलला.