पैलवानाचं वडाप

चार मिलिमीटर. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा एक दाणा आडवा ठेवला की साधारण तेवढं अंतर. एवढ्याशा अंतरापायी माणूस दोन-दोन महिने घरातल्यांशी धड बोलत नाही, हे सांगून कुणाला पटत नाही. तरी सांगतो.

१९७० ची शेव्हर्ले शेवेल एसएस (सुपर स्पोर्ट) ही अमेरिकेतली मसल कार. म्हणजे कोल्हापुरात खासबागेच्या हौद्यात उतरलेला पैलवानच. ४५४ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ ७.४ लिटरचं इंजिन, त्यातल्या एलएस-६ या जास्त ताकदीच्या प्रकाराला कंपनीच्या हिशोबानं ४५० अश्वशक्ती, आणि दारं दोनच. त्याच वर्षी त्याच घराण्यात लांब छपराच्या वॅगनही होत्या. पोराबाळांना आणि सामानाला सोयीच्या, घरंदाज. पण एसएसचा बिल्ला कंपनीनं वॅगनला लावला नाही, आणि दोन दारांची शेवेल वॅगन १९६४ आणि १९६५ या दोनच वर्षी काढली. थोडक्यात, १९७० ची दोन दारांची एसएस वॅगन कुठल्याच कारखान्यातून निघाली नाही. म्हणूनच ती आपण करायची, प्लॅस्टिकचं कूपेचं किट कापून, टेबलावर मावेल एवढी. शहाण्या माणसानं इथंच वाचणं थांबवावं.

खऱ्या कूपेच्या, म्हणजे दोन दारांच्या गाडीच्या, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११२ इंच, वॅगनचं ११६. १:२५ च्या, म्हणजे पंचवीसपट लहान मॉडेलमध्ये हे ११३.८ आणि ११७.९ मिलिमीटर होतं. हाच तो तांदळाचा दाणा. नुसतं छप्पर लांबवून हा दाणा सोडून दिला, तर मागची चाकं दाराच्या फार जवळ येतात आणि गाडी मागं बसल्यासारखी दिसते. आणि एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. किटं १:२५ मध्ये येतात, तशी १:२४ मध्येही येतात. पेटीवरचा आकडा न वाचता एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याची बॉडी घेतली, तर एवढ्या अंतरावर जवळपास पाच मिलिमीटरची गफलत होते. म्हणजे जेवढ्यासाठी जीव टाकायचा, त्याहून जास्त पेटीतच चुकलेलं असतं.

कापायचं कुठं? वॅगनचा पुढचा भाग, काचेखालच्या पट्टीपर्यंत, कूपेसारखाच असतो, त्याला हात लावायचा नाही. काप घ्यायचा दाराच्या मागच्या फटीनंतर आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या आधी, सरळ खालपर्यंत. प्लॅस्टिक कापायच्या साध्या आरीचं पातं जाड असतं, म्हणून मी सोनारी करवतीचा आग्रह धरतो. गुजरीत सोनारकामाचं साहित्य विचारा, दोन-शून्य नंबरची पाती मिळतात, जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. दुकानदार विचारतो, "साज कापायचाय काय?" गाडी कापायचीय म्हटलं की तो एकदा आपल्याकडं बघतो आणि पैसे आधी मागतो.

पातं पाव मिलिमीटर खातं, कड कानसीनं साफ करताना दोन्ही बाजूंनी आणखी थोडं जातं. त्यामुळं मध्ये घालायची पट्टी चारची नाही, साडेचारची कापायची आणि घासत घासत उतरवायची. कमी झालेलं वाढवता येत नाही, हे वाक्य सोनाराला माहीत असतं, आपल्याला दुसऱ्या पट्टीनंतर कळतं. जोडाच्या आतून दहा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पट्टीचा ठिगळ द्यायचा, नाहीतर घासताना जोड उघडतो. जोडताना बॉडी सपाट कडप्प्याच्या तुकड्यावर ठेवायची. हातात धरून जोडलेल्या बॉडीत पीळ राहतो. तो त्या दिवशी दिसत नाही, शेवटी चाकं लावल्यावर चौथं चाक हवेत राहतं तेव्हा दिसतो.

बॉडी लांबली की सांगाडाही तिथंच कापायचा. मग आतलं टब, म्हणजे सीटा बसतात तो ट्रे, मग प्रॉपेलर शाफ्ट, मग सायलेन्सरचे दोन्ही पाइप. प्रत्येकाला चार-चार मिलिमीटर. पाइप हमखास विसरतो आणि मागच्या ॲक्सलला तटतो.

आता प्लॅस्टिक. किट पॉलिस्टायरीनचं असतं, त्याला पॉलिस्टायरीनच लागतं. स्टेशनरीवाला मोठ्या प्रेमानं सनबोर्ड देतो. तो फुगवलेल्या पीव्हीसीचा, आपल्या सोल्व्हंटनं, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रावणानं, तो नीट जुळत नाही, आणि कड घासली की पावासारखी जाळी दिसते. ओळखायची खूण सोपी आहे: तिकोनात ६ चा आकडा. सीडीची जुनी डबी पॉलिस्टायरीनचीच, पण कडक आणि ठिसूळ. शिवाय ती १.२ मिलिमीटर जाड. पंचवीसनं गुणा, तीन सेंटिमीटर होतात. अशी काच मंत्र्यांच्या गाडीला शोभते. खिडक्यांना झेरॉक्सच्या दुकानातली ओएचपी शीट बरी, आणि ती फेविकॉलनं चिकटवायची. फेव्हिक्विकच्या वाफेनं काचेवर पांढरं धुकं धरतं. पन्हाळ्यावर ते छान दिसतं, इथं नाही.

छपराकडं मात्र सावकाश या. सपाट शीट ठेवली तर गाडीवर पत्र्याची शेड बांधल्यासारखी दिसते, कारण खरं छप्पर लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडं किंचित फुगलेलं असतं. नवखा माणूस शीट उकळत्या पाण्यात घालून वाकवायला जातो. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. शीट अर्धवट ऐकते, बाहेर काढली की पुन्हा सरळ. मग इरेला पेटून माणूस ती गॅसवर धरतो आणि पोह्याचा पापड तळून निघतो. त्यापेक्षा सागवानी तुकडा छपराच्या घाटाचा घासून घ्या, त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या दोन शीटा मध्ये सोल्व्हंट लावून एकावर एक ताणून टेपनं बांधा आणि पूर्ण एक दिवस विसरून जा. दोन थर एकमेकांना धरतात आणि वाक टिकतो. विसरून जाणं हे यातलं सगळ्यात अवघड काम.

पुढच्या काचेवरचा, छपराचा पुढचा एक तृतीयांश भाग किटचाच ठेवायचा, नवं छप्पर त्याला जोडायचं. मागं जाताना ते दीड-दोन मिलिमीटर उतरलं पाहिजे. पट्टीनं मोजून अगदी सरळ केलेलं छप्पर डोळ्याला मागून वर उचललेलं दिसतं. आणि शेवटचा खांब पुढं झुकवा. तो उभा ठेवला की बघणारा विचारतो, "शववाहिका केलीय काय रं?" झुकवला तर विचारतो, "वडाप?" म्हणजे आमच्याकडं माणसं कोंबून नेणारी जीप. वडाप म्हणाला की जिंकलो समजायचं.

इथून खरा छळ सुरू होतो. गाडीची लांबी चार मिलिमीटर वाढवायची आणि मग तिच्यावर लांबी फासत बसायचं. गॅरेजवाले पुट्टीला लांबीच म्हणतात, त्यांना काय माहीत आपल्याला किती लागतं. ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी सोयीची वाटते, पण तिच्यातलं थिनर प्लॅस्टिक खातं, आणि ते उडून जाताना पुट्टी आक्रसते. आज गुळगुळीत केलेला जोड पंधरा दिवसांनी रंगाखालून वर येतो, उसनवारी मागायला आलेल्या पाहुण्यासारखा. म्हणून दोन भागांची, हार्डनरवाली पुट्टी. हार्डनर वजनानं शंभराला दोन. बोराएवढ्या गोळ्याला दोन मसुरांएवढा. हात सैल सुटला तर पुट्टी कालवायच्या पत्र्यावरच दगड होते, आणि तो दगड बरोबर आपल्या पुट्टी फासायच्या पात्याला धरून होतो.

मग पॉलिश पेपर. ३२०, ६००, १०००, सगळे पाण्यात भिजवून. बोटानं घासायचं नाही, बोटाखाली चर पडतात. कुल्फीच्या काडीला पेपर गुंडाळा. दर फेरीनंतर गडद प्रायमरचा हलका शिडकावा मारायचा आणि पुन्हा घासायचं. उंच भाग उजळतो, खड्ड्यात काळं राहतं. प्रत्येक वेळी कुठंतरी काळं राहतंच. चौथ्या फेरीला जोड नाहीसा होतो, आणि त्याच्याबरोबर दाराखालची क्रोमची बारीक रेघही. ती पुन्हा पाव मिलिमीटरच्या पट्टीनं बसवायची. दाराची फट पुट्टीनं बुजलेली असते, ती पात्याच्या पाठीकडच्या टोकानं कोरायची. धारेनं कोरलं तर पातं घसरतं आणि आपण पुन्हा ३२० वर. घरात सगळ्यांच्या चहात पांढरी धूळ, आणि "अहो, हे किती दिवस?" याला आकड्यात उत्तर देऊ नये.

रंगाचं शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारा. गणपतीवर गन मारणारी माणसं आहेत, एका वाक्यात सांगतात: "लांबनं मार, पातळ मार, घाई करू नगंस." गाडीच्या रंगातलं थिनर जाड थरात पडलं तर प्लॅस्टिकवर भेगांचं जाळं उठतं. आणि जूनपासून गणपतीपर्यंत लॅकर मारूच नका. हवेतला ओलावा रंगावर बसतो आणि क्रॅनबेरी रेडवर सोलकढी सांडल्यासारखा पांढुरका थर येतो.

एसएसचे दोन रुंद पट्टे बॉनेटवर आणि डिकीच्या झाकणावर असतात. वॅगनला डिकीचं झाकणच नाही. छपरावरून ओढत नेले तर लग्नातल्या बँडची गाडी वाटते. माझं मत, बॉनेटवरच थांबवा.

राहिलं मागचं दार. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेच्या बिजागऱ्या करून ते उघडतं ठेवायचा मोह होतो. पण तार बसवताना फेव्हिक्विक फटीतून आपोआप आत ओढलं जातं आणि बिजागरी कायमची जाम होते. त्यातूनही जमलंच, तर पहिला पाहुणा ते उघडतो आणि हातात घेऊन उभा राहतो. म्हणून ते सरळ चिकटवून टाकायचं. मग लोक येतात, छपराचा वाक न बघता, जोड न शोधता, तांदळाच्या दाण्याकडं ढुंकूनही न बघता, गाडी उचलून मागून न्याहाळतात.

"मागचं दार उघडत न्हाई व्हय?"